मिठाचं गाडगं

अठरा वर्षं मी चाकाला हात लावला नव्हता. पुन्हा लावला तो बायको गेली म्हणून.

ती दसऱ्यानंतर गेली. दोन महिने दवाखाना केला. त्याचं मी लिहिणार नाही. ते लिहायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही. मला लिहायचं आहे ते एका घागरीचं.

आम्ही कुंभार. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातले अर्धे दिवस बापानं माती तुडवायला घरीच ठेवलेलं. अकोल्यात घर होतं. अंगणात चाक, मागे आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. बाप थकल्यावर चाक माझ्याकडे आलं आणि पुढची तीसेक वर्षं मी त्याच्यावरून उठलो नाही. मग घरोघरी फ्रीज आले. पोराला अमरावतीजवळ, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली. अकोल्याचं घर मोडून आम्ही दोघं त्याच्याकडे आलो. मी एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलो. चाक शेजारीच राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीच्या अंगणात टेकवून ठेवलं. विकलं नाही. घेणार कोण होतं?

तर आखजी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. बाप्यासाठी भरली तर करा म्हणतात, बाईसाठी भरली तर केळी. नव्या मातीच्या घागरीत पाणी, वर आंबा नाहीतर खरबूज, समोर पळसाच्या पत्रावळीवर जेवण. ज्या घरातलं माणूस त्याच वर्षात गेलं असेल, त्या घरची पहिली घागर महत्त्वाची. उन्हाळा असतो. गेलेल्याला तहान लागते असं म्हणतात. म्हणून ती घागर पाझरणारी पाहिजे. बाहेरून ओली झाली की आतलं पाणी गार होतं. जाड घागर पाझरत नाही, तिचं पाणी गरम राहतं, आणि गरम पाणी आपण पाहुण्यालासुद्धा देत नाही.

लोक घागर बाजारातून आणतात. कुंभाराच्या घरात आणत नाहीत. माझ्या बापाची मी केली होती, आईची मी केली होती.

संक्रांत झाली, तेव्हा सूनबाई सहज म्हणाली, "मामाजी, आखजीची घागर आपुन बाजारातून आणू ना. आता सगळेच आणते."

मी जेवत होतो. मी म्हटलं, "तिची घागर बाजारातून आणाची असन, तर आधी मले तिच्याकडे पोचवून या."

पोरगं ताटाकडे पाहत राहिलं. बोलून गेलो आणि तिथेच अडकलो. आता घागर मलाच करायची होती. हाताशी तीन महिने होते. मी म्हटलं, तीन महिने काय करायचे आहेत, आठ दिवसांत काढतो.

आमच्यात चाकाला बाई हात लावत नाही आणि थापटायला बाप्या बसत नाही. म्हणजे असं, की चाकावर मी मडकं काढायचो, तोंड, गळा, खांदा सगळं. दोऱ्यानं कापून सावलीत ठेवायचो. थोडं सुकलं, म्हणजे हाताला चिकटत नाही पण दाबलं तर दबतं इतपत झालं, की बायको ते मांडीवर घ्यायची. आतून एका हातात भाजक्या मातीचा गोळा, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी थापी, आणि बसायची ठोकत. थप थप थप. दुपारभर तो आवाज चालायचा. मी त्या वेळी झोपलेला असायचो, नाहीतर मोर्णेच्या काठाला गाळाची माती आणायला गेलेला असायचो. माझ्या लेखी ते शेवटचं काम होतं. शिंप्यानं सदरा शिवल्यावर कोणी इस्त्री करतं तसं.

तर मी ठरवलं, थापटायला आता ती नाही. मग सगळी घागर चाकावरच पुरी काढायची, पातळ, तयार. माझी घागर पातळच असायची. अकोल्याच्या बाजारात लोक उचलून पाहायचे, बोटाचं पेर मारायचे, टण्ण वाजायची. एकदा एका गिऱ्हाइकानं घागर डोळ्यासमोर धरून विचारलं, "पापडावानी हलकी हाय. हात कोणाचा?"

मी म्हटलं, "माझा."

बायको शेजारीच मडक्यांमधलं तणस, म्हणजे वाळलं गवत, काढत होती. ती म्हणाली, "हो, त्याईचाच." खाली मान घालून म्हणाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

अमरावतीत चाक कुठून आणायचं? पोरानं मातीकामाच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून मोटारीवर फिरणारं कुंभाराचं चाक आणून गच्चीवर ठेवलं. माती सूनबाईनं मोबाईलवरून मागवली. दळण आल्यासारखी पिशवीत आली, मळलेली, चाळलेली, एक खडा नाही. मी म्हटलं, या मातीत माती कुठे आहे?

पहिल्या दिवशी मी माती चाकावर आपटली, हात ओले केले आणि बटण दाबलं. मातीचा गोळा आधी मध्यावर बसवावा लागतो, नाहीतर तो डुलतो, आणि डुलला की पुढचं सगळं डुलतं. हे मी दहाव्या वर्षी शिकलो होतो. त्या दिवशी गोळा मध्यावर येईना. मी डावीकडून दाबला तर उजवीकडे लचकायचा, उजवीकडून दाबला तर माझ्याच मनगटाला हिसका द्यायचा. तासाभरात हात कोपरापर्यंत चिखल आणि समोर शेणाचा पो.

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी पोरगं सुट्टीवर होतं. ते वर आलं, थोडा वेळ पाहत उभं राहिलं आणि म्हणालं, "बाबा, आपलं अकोल्याचं चाक या अंगानं फिरे का?"

मी पाहिलं. चाक उलटं फिरत होतं. चार दिवस मी उलट्या चाकावर बसलो होतो आणि ते मला कळलं नव्हतं. त्यानं खालचं एक बटण दाबलं, चाक सुलटं फिरायला लागलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडून मोकळा झालो असतो.

सुलट्या चाकावर गोळा मध्यावर आला. अंगठा आत गेला, तोंड उघडलं. बोटांना आठवत होतं, पण उशिरा आठवत होतं. भिंत वर घ्यायला लागलो की बोटं म्हणायची थांब, आणि मी थांबेपर्यंत भोक पडलेलं असायचं. माघ महिनाभर मी गच्चीवर बसलो. वीतभर उंचीपर्यंत नीट यायचं. मग मी भिंत पातळ करायला घ्यायचो, आणि खांदा वळवायला लागलो की सगळं मांडी घालून खाली बसायचं. रोज. जितकी पातळ तितकी लवकर.

मी मातीला दोष दिला. मग मोटारीला दिला. मग पाण्याला, नळाचं पाणी म्हणून. गुडघ्यांना दिला. एकदा सूनबाईला दिला, की ती मधेच कपडे वाळू घालायला आली म्हणून हात चुकला.

ती म्हणाली, "मामाजी, मी मंग कपडे कुठी वाळू घालू? कालचे धुतलेले कपडे चिखलानं पुना धुतले मी."

"कुठीबी घाल. इथी येऊ नको."

ती गेली नाही. बादली टेकवून समोरच्या मातीकडे पाहत म्हणाली, "हे काय हाय?"

"घागर."

"बसून राह्यली वाटते."

मला हसू यायला हवं होतं. बायको असती तर ती हसली असती, दोघी मिळून हसल्या असत्या. मी ती माती उचलली आणि गच्चीच्या भिंतीवर मारली. तिथे तो डाग अजून आहे. सून कपडे घेऊन खाली गेली, आणि त्या दिवशी ताट वाढून ठेवलं पण जेवायला हाक मारली नाही. मी आपणहून गेलो. बायको असताना मी असं वागलो की तीही हाक मारायची नाही. म्हणजे घरात ती रीत राहिली होती.

होळी झाल्यावर मी अकोल्याला निघालो. पोराला म्हटलं, माझं चाक तिथं आहे, माझी माती तिथं आहे, या मशिनवर काही होत नाही. पिशवीत दोन धोतरं घातली आणि बस धरली.

माझी बहीण पंच्याहत्तरीची आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. कानानं कमी ऐकते, बाकी सगळं शाबूत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाळला तू. जेवते का नाई?"

"जेवतो."

"मंग खातं कोन ते?"

चाक अंगणात भिंतीला टेकलेलं होतं, त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. मी ते घासून धुतलं, खुंटीवर बसवलं, काठी घालून फिरवलं. जड चाक, एकदा फिरलं की आपल्या ओढीनं फिरत राहतं. आमच्या गल्लीत एकच घर अजून आवा लावतं, त्यांच्याकडून मोर्णेची माती आणली, राख घालून मळली. उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. गोळा टाकला आणि दोन फेऱ्यांत मध्यावर आला. हातात तो जिवंत उभा राहिला. त्या एका घटकेला मला वाटलं, आलं. आलं सगळं परत.

मग भिंत पातळ करायला घेतली आणि खांद्याशी आल्यावर बसली.

पुन्हा केलं, पुन्हा बसली. मोटार नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, पिशवीतली माती नव्हती. दोष द्यायला काही उरलं नव्हतं. आठ दिवस मी बाईच्या अंगणात तेच केलं. आखजीला महिना राहिला होता, आणि त्यात वाळायला, भाजायला दिवस लागतात. नवव्या दिवशी सकाळी तीन बसल्या तेव्हा मी चाकाची काठी फेकून दिली. ती कोंबड्यांत पडली.

बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोंबड्याईनं काय केलं तुयं?"

"हात गेले माझे," मी म्हटलं. "पातळ निघत नाई. पयले डोळे मिटून काढो मी. आता नाई निघत."

"काय निघत नाई?"

मी मोठ्यानं म्हटलं, "पातळ. घागर. पातळ निघत नाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "पातळ तू कधी काढत होता?"

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आयकलं मी. पातळ तू कधी काढत होता म्हनते मी. तू त जाडच काढे. पातळ थे करे, तुयी बायको."

"थापटून? थापटून बूड गोल होते, बाई. भिंत मी काढो."

ती उठली, गुडघ्यावर हात देत स्वयंपाकघरात गेली, आणि एक गाडगं घेऊन आली. त्यातलं मीठ तिनं परातीत ओतलं, आतून पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"उचल," म्हणाली.

मी उचललं. हात खाली गेला. गाडगं लहान होतं, पायलीभरही मीठ मावणार नाही एवढं, पण जड असं की विटा बांधल्यासारखं. भिंत दोन बोटं जाड. बुडाला तर आणखी जाड.

"हे कोनाचं हाय?" मी विचारलं.

"तुयं."

मी तोंड पाहिलं. तोंडाच्या काठाला मी ओल्या फडक्यानं एक बारीक खाच देतो, बापाची सवय. ती खाच होती. माझंच होतं.

मग बाईनं आठवण दिली, आणि ती सांगायला लागल्यावर मलाही आठवलं. पोराच्या वेळेला बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाईच्या मांडीवर तेव्हा स्वतःचं तान्हं होतं, थापटायला कोणी नव्हतं. मी गल्लीत सगळ्यांसमोर म्हणालो होतो की तिच्यावाचून काही अडत नाही, आणि चाकावरून निघाली तशीच दहा-बारा मडकी भाजली होती. एकही विकलं गेलं नाही. बायका उचलायच्या आणि खाली ठेवायच्या. बाईनं त्यातलं एक मिठाला घेतलं, जाड आहे म्हणून, मिठानं फुगणार नाही म्हणून. बाकीची मी फोडून टाकली. आणि विसरलो. बायको चार महिन्यांनी आली, पुन्हा थप थप सुरू झालं, आणि मडकी पुन्हा हलकी झाली. ती हलकी कशानं झाली याचा मी विचार केला नाही. मी माझ्या हाताची तारीफ घेत राहिलो.

पोर शाळेतून कॉलेजात गेलं एवढी वर्षं मी रोज चाकावर बसलो, आणि माझं काम कुठे संपतं हे मला माहीत नव्हतं. दोन महिने मी चाकावर जे काढायला पाहत होतो, ते चाकावर निघतच नाही. ते तिच्या मांडीवर निघायचं. मी माझी विद्या गेली म्हणून रडत होतो, आणि ती माझी नव्हतीच.

मला बाईचा राग आला. मी म्हटलं, "मंग इतके दिवस पाहत काहून बसली? आठ दिवस झाले."

"मले काय मालूम तुले मालूम नाई म्हून? मले वाटलं बुढा झाला, हात चालत नाई." ती परात घेऊन उठली. "तिले मालूम होतं का, तुले मालूम नाई म्हून?"

बाजारात तणस काढत ती "हो, त्याईचाच" म्हणाली होती, ते मला तिथे, त्या ओट्यापाशी, वीस-पंचवीस वर्षांनी ऐकू आलं. तिला माहीत होतं.

त्या दुपारी मी पुन्हा चाकावर बसलो आणि जाड काढली. दोन बोटं जाड भिंत, जड बूड. अर्ध्या तासात चार निघाल्या. एकही बसली नाही. हात गेले नव्हते. माझ्या हातांना जेवढं येत होतं तेवढं ते अजून करत होते. आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ओल्या-सुक्या झाल्या. बाई म्हणाली, "आन इकडे. थापटून देते मी."

"नाई. मीच थापटीन."

"बाप्या थापटत नाई."

"आता थापटीन."

"तीस वर्स तिनं थापटलं तवा लाज नाई वाटली, आता हट्ट कायचा हाय तुले?" पण तिनं माळ्यावरून थापी आणि गोळा काढून दिला. अकोला सोडताना बायको ते बाईकडे ठेवून गेली होती. मला सांगितलंही नव्हतं. मी चाक ठेवलं, तिनं हे ठेवलं, दोघांनी एकाच घरात, आणि एकमेकांशी त्यावर एक शब्द बोललो नाही.

थापीची मूठ तिच्या अंगठ्यानं झिजलेली होती. माझा अंगठा त्या खळीत बसत नव्हता. गोळाही लहान, माझ्या पंजात हरवायचा. मी मडकं मांडीवर घेतलं, आत हात घातला आणि मारलं. थापी एका जागी, गोळा दुसऱ्या जागी. भिंतीला भोक पडलं आणि थापी माझ्याच बोटांवर बसली.

"ठोकून राह्यला का भांडून राह्यला?" बाई म्हणाली. "आतला हात आधी जाते. बाहेरचा मागून. आतल्या हातानं पाह्य, डोयानं पाहू नको."

आत हात घातला की काही दिसत नाही. तिथे भिंत किती जाड आहे, कुठे पातळ होत चालली आहे, हे फक्त आवाजावरून आणि गोळ्याला लागणाऱ्या हिसक्यावरून कळतं. जाड जागेचा आवाज बद्द येतो, पातळ होत आली की मोकळा येतो. दुपारभर मी झोपेत ऐकायचो तो आवाज. तो बदलत जायचा, हे मला आता आठवलं. सुरुवातीला जड, मग हळूहळू मोकळा. तो बदलायचा, आणि मी कूस बदलायचो.

दुसरी घागर बुडाशी फाटली. तिसरी मी राखेचा हात लावायला विसरलो म्हणून थापीला चिकटून आली. चौथी अर्ध्यावर नीट आली आणि मग मला ठसका लागला. त्या ठसक्यात एक टोला जोरात बसला. पुन्हा चाकावर बसलो, पुन्हा चार काढल्या. खांदा इतका दुखायला लागला की रात्री कूस बदलता येईना. ती हे रोज करायची, आणि त्यावर भाकरीही थापायची. मी कधी विचारलं नव्हतं की खांदा दुखतो का. आता विचारायला कोणी नव्हतं, म्हणून बाईला विचारलं, "तिचा खांदा दुखे का वो?"

"दुखे ना. माह्याकडून चोळून घे थे."

हे मला माहीत नव्हतं. दोन घरांच्या मधे अंगणच काय ते होतं.

आखजीला नऊ दिवस राहिले तेव्हा माझ्याकडे दोन घागरी होत्या. दोन्ही वाकड्या. गल्लीतल्या आव्यात ठेवल्या. एक तडकली. दुसरी निघाली, लाल, एका अंगाला जाड, एका अंगाला ठीक. गळा आणि तोंड मात्र सुरेख. गळा माझा होता.

बाईनं ती हातात घेऊन फिरवली. बोटाचं पेर मारलं. एका बाजूला बद्द वाजली. ती म्हणाली, "चालते."

"खरं सांग."

"वाईट हाय. पन चालते."

अमरावतीच्या बसमध्ये मी ती धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, खाली ठेवा ना."

"फुटन."

"काय हाय?"

"घागर."

"अमरावतीत भेटत नाई का घागरी?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

आखजीच्या दिवशी सूनबाईनं पहाटेपासून पुरण, आमरस, चिंचवणी केली. पाट मांडला. मी घागर धान्यावर बसवली, जाड बाजू भिंतीकडे करून. सून ते पाहत होती. पोरानं पाणी भरलं, वर आंबा ठेवला. कुंकू लावलं. सून घागरीला हात जोडून म्हणाली, "सासूबाई, मामाजीनं सोता केली बरं." मी म्हटलं, "अर्धी." ती समजली नाही. मी समजावलं नाही.

जेवणं झाली. सगळे आडवे झाले. मी घागरीपाशी बसून राहिलो. चांगली घागर तासाभरात घामेजते. माझी कोरडी होती. मी हात फिरवला, कोरडी. दोन वाजले, कोरडी. आत बोट घातलं, पाणी कोमट, नळाचं होतं तसंच. बाहेर ऊन इतकं होतं की पत्र्याचा आवाज येत होता, आणि मी तिला गरम पाणी दिलं होतं. बाजारातली आणली असती तर आतापर्यंत गार झालं असतं. सून संक्रांतीला बरोबर बोलली होती. माझा हट्ट. तीन महिने, एक खांदा, गच्चीवरचा तो डाग, आणि हातात हे.

चारच्या सुमाराला सून उठली. चहा ठेवायला जाताना वाकून तिनं घागरीला हात लावला आणि म्हणाली, "मामाजी, इथी ओली हाय."

"कुठी?"

तिनं माझा हात धरून तिथे नेला. पोटाच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या खाली, एक जागा ओली होती. तळहाताएवढी. बाकी सगळी कोरडी, आणि तेवढीच काळसर ओली. ती जागा मला माहीत होती. थापटण्याच्या शेवटच्या दिवशी एक घटकाभर आवाज मोकळा आला होता. तिथेच.

मी तिथे हात ठेवून बसलो. गार होतं. सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. तिनं दुसरा करून आणला.

संध्याकाळी पाणी तुळशीला घातलं. पहिली घागर ब्राह्मणाला नाहीतर गरजूला देतात, पण ही मी कोणाला दिली नाही, अशी वस्तू माणसाला देऊ नये. ती गच्चीवर आहे, मोटारीच्या चाकाशेजारी. थापी आणि गोळा मी बाईकडून मागून आणला. बाई म्हणाली, आता कायले पाहिजे? मी म्हटलं, असू दे.

दुपारी सगळे झोपले की मी थापटायला बसतो. त्या एका ओल्या जागेची मला घागरभर जागा करायची आहे. अजून फाटतात. काल दोन फाटल्या. सूनबाई खालून ओरडते, मामाजी, जरा हळू, झोपू द्या. मी थांबत नाही. तीस वर्षं मी या आवाजात झोपलो, त्यांनाही झोप लागेल.